उभ्या मोटरहोमची बॅटरी कोण खातंय?

युरोपातल्या बहुतेक मोटरहोम हिवाळाभर जागच्या हलत नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरात घराशेजारी किंवा भाड्याच्या शेडमध्ये लावलेली गाडी ईस्टरच्या सुट्टीत बाहेर काढायची, असा तिथला रिवाज. किल्ली फिरवली की इंजिनाऐवजी नुसती टकटक ऐकू येते. आतला दिवा लावला तर तो पिवळट. मग शेजाऱ्याच्या गाडीवरून जंप स्टार्ट, दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी, आणि काही आठवड्यांत तीही डाऊन. भंगारात गेलेली पहिली बॅटरी बऱ्याचदा निर्दोष असते. दोष वायरिंगमध्ये असतो. तो शोधायला एक साधा मल्टिमीटर, थोडा संयम आणि गाडी कशी जोडलेली आहे याची समज पुरते. ब्रिटन-जर्मनीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांपैकी कोणी वीस-पंचवीस वर्षे जुनी मोटरहोम घेण्याच्या विचारात असेल, तर ही समज गाडी घेण्याआधीच करून घ्यावी.

मोटरहोम एका कारखान्यात तयार होत नाही, इथून सुरुवात करू. युरोपातल्या मोठ्या संख्येच्या मोटरहोम फियाट ड्युकॅटोवर बांधलेल्या असतात. ही गाडी १९८१ पासून इटलीतल्या आतेसा इथल्या कारखान्यात बनते. १९९४ पासून तिथेच प्यूजो बॉक्सर आणि सित्रोएन जंपर ही तिची भावंडेही बनू लागली. तिथून बाहेर पडते ती फक्त केबिन, इंजिन आणि चॅसी. मग ती घर बांधणाऱ्या कंपनीकडे जाते. उदाहरणार्थ, जर्मनीतल्या बाड वाल्डझे गावच्या हायमरकडे, जिने १९६१ मध्ये ‘कॅरावानो’ ही आपली पहिली मोटरहोम बनवली. तिथे पलंग, फ्रीज, पाण्याचा पंप, हीटर आणि या सगळ्यांचे स्वतंत्र वायरिंग बसते. म्हणजे केबिनचे वायरिंग एका कारखान्याचे, घराचे दुसऱ्याचे, आणि पुढच्या वीस वर्षांत तीन-चार मालकांनी जोडलेले रेडिओ, टीव्हीचा अँटेना, सोलर पॅनेल, अलार्म, मागचा कॅमेरा तिसऱ्याच हातांचे. पहिल्या दोघांचे नकाशे कागदावर मिळतात. तिसऱ्याचा नकाशा कुणाकडेच नसतो. जुन्या गाडीतले बहुतेक दोष या तीन वायरिंगच्या सांध्यांवर सापडतात, आणि शोध घेताना हे एक सूत्र धरून ठेवले तर निम्मे काम वाचते.

गाडीत बॅटऱ्याही दोन. पहिली इंजिनाची. सेल्फ मारताना दोन-तीन सेकंद शेकडो ॲम्पियर द्यायचे, बाकी वेळ आराम. तिच्या आतल्या प्लेट पातळ आणि संख्येने जास्त असतात. दुसरी घराची बॅटरी, जिला इंग्रजीत लेझर (leisure) बॅटरी म्हणतात. ती दिवे, पंप, हीटरचा पंखा यांना तासन् तास थोडा थोडा करंट देते. या दोघींच्या मध्ये एक रिले असतो. इंजिन बंद असताना दोघी वेगळ्या. इंजिन सुरू झाले की अल्टरनेटरच्या ‘डी-प्लस’ टर्मिनलवर १२ व्होल्टच्या वर दाब येतो, तो रिलेच्या कॉइलला ओढतो आणि दोघी जोडल्या जाऊन एकत्र चार्ज होतात. त्याच डी-प्लसवर सहसा आणखी एक रिले चालतो, तो फ्रीजचा. जर्मन गाड्यांत हे रिले, घराचे फ्यूज आणि चार्जर बहुधा एकाच पेटीत असतात, आणि ती पेटी सीटखाली किंवा कपाटाच्या तळाशी सापडते.

‘बॅटरी उतरते’ ही तक्रार एक, पण तिच्यामागे तीन निरनिराळी दुखणी असू शकतात. गच्चीवरची पाण्याची टाकी रिकामी मिळाली तर टाकीला भेग असेल, टाकीत पाणी चढतच नसेल किंवा खाली कुणाचा तरी नळ उघडा असेल. बॅटरीचेही तेच. ती चार्ज धरत नाही, किंवा तिला पुरता चार्ज मिळत नाही, किंवा कोणीतरी गुपचूप करंट ओढतो आहे. तिन्हींची उपाययोजना वेगळी आहे, आणि हे वेगळे करून न बघता बाजारात जाणे म्हणजे पैसे पाण्यात.

वेगळे करणे अवघड नाही. बॅटरी पूर्ण चार्ज करावी आणि निगेटिव्ह टर्मिनल काढून ती एकटी ठेवावी. चार-पाच तासांनी व्होल्टेज बघावे, मग आठवड्याने पुन्हा. शिसे-आम्लाची साधी १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर स्वस्थ पडलेल्या अवस्थेत १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जेमतेम पाव उरली. एकटी ठेवलेली बॅटरी आठवड्याने १२.६ च्या आसपासच राहिली, पण गाडीला जोडली की चार दिवसांत १२.१ वर येते, तर बॅटरीचा दोष नाही. एकटीच असताना घसरली तर मात्र ती गेली. राहिला चार्जिंगचा प्रश्न. इंजिन सुरू करून दोन्ही बॅटऱ्यांच्या टर्मिनलवर मीटर लावावा. दोन्हीकडे १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आकडा हवा. इंजिनाच्या बॅटरीवर १४.२ आणि घराच्या बॅटरीवर १२.५ असेल, तर मधला रिले, त्याचा फ्यूज किंवा डी-प्लसची वायर यांतले काहीतरी मेले आहे. ब्रिटनमधल्या अनेक जुन्या गाड्यांत बसवलेला चार्जर तर १३.८ व्होल्टवर अडकवलेला असतो. त्याने बॅटरी शेवटपर्यंत भरायला फार वेळ लागतो, आणि सतत अर्धीमुर्धी राहिलेल्या प्लेटवर सल्फेटचा थर कडक होत जातो. हा दोष कुठल्याही फ्यूजमध्ये सापडणार नाही.

आता तिसरे दुखणे, गुपचूप करंट ओढणारा. आधी हिशेब समजून घेऊ. गाडी बंद असतानाही घड्याळ, रेडिओची मेमरी, इमोबिलायझर यांना थोडा करंट लागतोच. २० ते ५० मिलिॲम्पियर हे साधारण रास्त मानतात. ५० मिलिॲम्पियर म्हणजे दिवसाला १.२ ॲम्पियर-तास (एएच) आणि महिन्याला ३६ एएच. म्हणजे सगळे ठीकठाक असतानाही १०० एएचची बॅटरी महिन्यात तिसऱ्या हिश्शाहून जास्त रिकामी होते. पाच महिने उभी राहणारी गाडी काहीही बिघाड नसताना मरू शकते, हे फार जणांना माहीत नसते. त्यात हा आकडा ३५० मिलिॲम्पियर असेल तर दिवसाला ८.४ एएच. सहा दिवसांत बॅटरी अर्धी. सामानाच्या कप्प्यातला ५ वॅटचा एकच बल्ब दार नीट न लागल्याने पेटता राहिला, तर तो ४०० मिलिॲम्पियर खातो. रिकाम्या बॅटरीला थंडीची भीती वेगळीच. भरलेल्या बॅटरीतले आम्ल युरोपातल्या कुठल्याही हिवाळ्यात गोठत नाही, पण पूर्ण उतरलेल्या बॅटरीतले जवळपास पाण्यासारखे होऊन उणे १० अंशांच्या आसपास गोठू शकते. मग तिची पेटीच फुटते.

मोजायचे कसे? पुस्तकी पद्धत म्हणजे निगेटिव्ह केबल काढून मीटर मध्ये सिरीजमध्ये लावणे, १० ॲम्पियरच्या खाचेत. यात दोन धोके आहेत. मीटर मध्ये असताना कोणी किल्ली फिरवली किंवा दाराची विजेची पायरी उघडली, तर मीटरचा फ्यूज उडतो. दुसरा धोका जास्त फसवा. केबल काढताच सगळा करंट तुटतो, आणि चिकटलेला एखादा रिले त्या धक्क्यानेच सुटतो. पुन्हा जोडल्यावर मीटर ३० मिलिॲम्पियर दाखवतो, माणूस समाधानाने घरी जातो आणि आठवड्याने बॅटरी पुन्हा डाऊन. म्हणून डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर असेल तर तो केबलभोवती अडकवावा, म्हणजे काहीच तोडावे लागत नाही. विकत घेताना मात्र तो डीसी मोजतो ना, हे बघून घ्यावे. स्वस्तातले बरेच क्लॅम्प फक्त एसी मोजतात. गाडी लॉक केल्यावर लगेच वाचनही घेऊ नये. आतले कंट्रोलर झोपी जायला अर्धा तास लागू शकतो.

गळती आहे हे कळले, आता ती कुठल्या फाट्यावर आहे ते शोधायचे. एकेक फ्यूज उपटत मीटरकडे बघणे ही प्रचलित पद्धत. पण फ्यूज उपटण्यातही तोच धक्का देण्याचा धोका आहे. मला त्याहून आवडते ती पद्धत फ्यूजला हात न लावता चालते. ब्लेड फ्यूजच्या पाठीवर दोन बारीक उघडी टोके दिसतात, चाचणीसाठीच ठेवलेली. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून दोन सुया त्या दोन टोकांना टेकवायच्या. फ्यूजमधून करंट जात नसेल तर आकडा शून्य. जात असेल तर फ्यूजच्या स्वतःच्या किंचित रेझिस्टन्समुळे काही दशांश मिलिव्होल्ट दिसतात. १० ॲम्पियरच्या फ्यूजवर १ मिलिव्होल्ट म्हणजे अंदाजे १०० ते १५० मिलिॲम्पियर. गाडी झोपलेली, सगळे दिवे बंद, आणि एका ओळीत शून्य, शून्य, शून्य असताना मध्येच एका फ्यूजवर २.३ दिसले की गुन्हेगाराची गल्ली सापडली. अवघ्या दहा मिनिटांत अख्खी फ्यूज पेटी तपासून होते आणि गाडीला कळतही नाही.

एकाही फ्यूजवर काही दिसले नाही, पण क्लॅम्प मात्र करंट दाखवतो आहे, तर? मग फ्यूज पेटी टाळून थेट बॅटरीला जोडलेल्या गोष्टींकडे वळावे. त्यात पहिला संशयित अल्टरनेटर. त्यातला एखादा डायोड फुटला की करंट उलट वाहतो. बॅटरीचे निगेटिव्ह काढून अल्टरनेटरची जाड वायर सुटी करून इन्सुलेशन टेपने गुंडाळावी, निगेटिव्ह पुन्हा लावावे आणि मोजावे. गळती थांबली असेल तर निकाल लागला. दुसरे संशयित म्हणजे बॅटरीच्या टर्मिनलवरच नटाखाली अडकवलेल्या त्या दोन-तीन जादा वायरी, ज्या कुठे जातात हे आधीच्या मालकालाच ठाऊक.

जुन्या मोटरहोममध्ये वारंवार सापडणारे काही खादाड आहेत. त्यांत सर्वांत मोठा घास फ्रीजचा. हा घरातल्यासारखा कॉम्प्रेसरचा फ्रीज नसतो. त्यात अमोनियाचे द्रावण तापवून थंडावा निर्माण करतात, आणि ते तापवण्यासाठी गॅस, २३० व्होल्ट किंवा १२ व्होल्ट असे तीन पर्याय असतात. १२ व्होल्टचे हीटिंग एलिमेंट १०० वॅटहून जास्त खाते, म्हणजे ९-१० ॲम्पियर किंवा त्याहून अधिक. म्हणूनच ते फक्त इंजिन चालू असताना, डी-प्लसच्या रिलेमार्फत चालते. या रिलेचे कॉन्टॅक्ट वर्षानुवर्षे मोठा करंट तोडून-जोडून पोळतात आणि एक दिवस चिकटतात. फ्रीजची कळ १२ व्होल्टवर राहिली असेल तर मुक्कामाच्या एका रात्रीत ८० एएच जातात. इंजिन बंद करून दोन तास झाल्यावरही फ्रीजच्या बाहेरच्या जाळीतून कोमट हवा येत असेल तर मीटरही लागत नाही.

रिले चिकटण्याबरोबरच रिले विनाकारण ओढलेला राहणे हाही दोष आहे. कोणीतरी नवा रेडिओ किंवा अलार्म बसवताना डी-प्लसच्या वायरला कायम चालू असलेली वायर जोडून ठेवतो. मग कॉइल अहोरात्र १५० मिलिॲम्पियरच्या आसपास खाते आणि दोन्ही बॅटऱ्या कायम एकत्र राहतात. घरात टीव्ही बघितला तरी इंजिनाची बॅटरी उतरते. हे ओळखायला गाडी बंद असताना दोन्ही बॅटऱ्यांवर व्होल्टेज बघावे. दोन्ही आकडे शेवटच्या दशांशापर्यंत सारखे असतील आणि घरातले दिवे लावल्यावर दोन्ही एकदमच खाली येत असतील, तर त्या जोडलेल्याच आहेत. पेटी उघडून रिलेवर बोट ठेवावे. विश्रांतीत असलेला रिले गार असतो, ओढलेला कोमट लागतो.

रेडिओचे प्रकरणही नेहमीचे. त्याच्या पिवळ्या वायरला कायमचा करंट, मेमरीसाठी, आणि लाल वायरला किल्लीवरचा, अशी पद्धत आहे. किल्ली न लावता मुक्कामी गाणी ऐकता यावीत म्हणून दोन्ही वायरी कायमच्या करंटवर जोडतात आणि रेडिओ कधी पुरता झोपतच नाही. टीव्हीच्या अँटेनाचा ॲम्प्लिफायर कपाटाच्या कोपऱ्यात छोटा हिरवा दिवा लावून महिनोन् महिने चालू असतो. इन्व्हर्टर काहीही न लावता नुसता चालू ठेवला तरी अर्धा-एक ॲम्पियर घेऊ शकतो. ट्रूमा कंपनीच्या जुन्या बॉयलरचा पाणी सोडणारा विजेचा व्हॉल्व्ह बंद राहण्यासाठीच सतत थोडा करंट मागतो. तो बिघाड नव्हे, रचनाच तशी आहे. पाण्याचा पंप मध्यरात्री क्षणभर घुरघुरून थांबत असेल तर कुठेतरी नळ किंवा जोड ठिबकतो आहे. तो पाण्याचा दोष असला तरी किंमत बॅटरी मोजते.

इथवर झाले करंट ओढणाऱ्यांचे. मोटरहोममधला दुसरा मोठा वर्ग अर्थिंगच्या दोषांचा. गाडीत प्रत्येक दिव्याला एकच वायर जाते आणि परतीचा करंट चॅसीच्या लोखंडातून येतो. पण घराचा भाग प्लायवुड, ॲल्युमिनियम आणि फायबरचा. तिथले अर्थ वायरीनेच चॅसीवर आणून नट-बोल्टने आवळलेले असतात, तेही चाकांच्या मागे, पाणी, चिखल आणि युरोपातल्या रस्त्यांवर हिवाळ्यात टाकलेले मीठ उडते तिथे. ब्रेक दाबला की इंडिकेटर मंद होतो, मागचे पार्किंगचे दिवे इंडिकेटरच्या तालावर उघडमीट करतात. असे भुताटकीसारखे काही दिसले की बल्ब बदलत बसू नये. मागच्या दिव्यांचा अर्थ सुटला आहे आणि करंट दुसऱ्या बल्बमधून परतीची वाट शोधतो आहे.

अर्थ तपासताना मीटर ओहमवर लावून ‘बीप’ ऐकणे ही बहुतेकांची सवय, आणि तीच घात करते. जाड केबलच्या शंभर तारांपैकी एक तार शाबूत असली तरी मीटर बीप करतो. सेल्फ मारताना २०० ॲम्पियर वाहतात असे धरा. जोडाचा रेझिस्टन्स फक्त ५ मिलिओहम, म्हणजे मीटरला तो दिसणारही नाही. पण २०० गुणिले ०.००५ म्हणजे तिथे पूर्ण १ व्होल्ट गेला. बॅटरी नवी, सेल्फ चांगला, तरी इंजिन रडतरडत फिरते. म्हणून जोड तपासायचा तो लोड टाकून. मीटर व्होल्टवर ठेवावा, एक सुई इंजिनाच्या उघड्या धातूवर, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. ०.२-०.३ व्होल्टपर्यंत ठीक. एकच्या आसपास दिसला तर गाडीखाली जाऊन गिअरबॉक्सपासून चॅसीला येणारी तांब्याची विणलेली पट्टी बघावी. ती बहुधा हिरवी पडलेली, हाताने वाकवली तर पावडर सांडणारी निघते. तिची किंमत बॅटरीच्या तुलनेत काहीच नाही.

सांध्यांबद्दल एक शेवटची गोष्ट. जुन्या मोटरहोमच्या कपाटामागचे पॅनेल काढले की निळ्या प्लास्टिकच्या छोट्या चिमट्या दिसतात. चालू वायर न सोलता तिला दुसरी वायर जोडण्याची ही सोय. चिमटीच्या आतली पितळी पट्टी वायरचे आवरण कापून तारांपर्यंत पोचते, आणि पोचताना काही ताराही कापते. मग दमट हवेत उरलेल्या तारांवर हिरवा थर चढतो. एक चिमटी उघडून पाहावी. बारीक तारांच्या जुडग्यातल्या निम्म्या तुटलेल्या, उरलेल्या काळ्या-हिरव्या. पाण्याचा पंप उन्हाळ्यात चालतो आणि पावसाळी थंडीत बंद पडतो, याचे उत्तर तिथे असते. दिसेल ती चिमटी काढून तिथे नीट क्रिम्प केलेला, आखडणाऱ्या नळीने झाकलेला जोड घालावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण जुन्या गाडीला याच्याइतका फायदा दुसऱ्या कशाचा होत नाही, असे माझे ठाम मत आहे.

काम करताना रिलेवर कोरलेले आकडे बघायला शिकावे. युरोपीय गाड्यांत ते जर्मन प्रमाणानुसार ठरलेले आहेत: ३० म्हणजे बॅटरीचा कायमचा करंट, १५ म्हणजे किल्लीवरचा, ३१ म्हणजे अर्थ, ८५ आणि ८६ रिलेची कॉइल, ८७ पुढे जाणारी वायर. एवढे सहा आकडे माहीत असले की इटालियन केबिन आणि जर्मन घर एकाच भाषेत बोलू लागतात. सापडलेल्या प्रत्येक अनोळखी वायरला चिठ्ठी बांधावी आणि वहीत नोंदवावे. ती वही पुढच्या मालकालाही द्यावी.

दोन ठिकाणी मात्र हौशी माणसाने हात आखडता घ्यावा. कॅम्पिंगच्या निळ्या प्लगमधून येणारे २३० व्होल्ट ज्या पेटीत शिरतात, ती पेटी जाणकार इलेक्ट्रिशियनकडे सोपवावी. आणि चार्जिंग करताना बॅटरी गरम लागत असेल, सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर चार्जर भिंतीकडून बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात. आतला सेल गेलेला असतो आणि हायड्रोजनबरोबर विषारी हायड्रोजन सल्फाइडही बाहेर पडत असतो.

पुढच्या हिवाळ्यासाठी गाडी उभी करताना दोन्ही बॅटऱ्या पूर्ण चार्ज करून निगेटिव्ह काढून ठेवा. बॅटरीवर चालणारा जुना ट्रूमाचा व्हॉल्व्ह त्यामुळे उघडेल आणि बॉयलरमधले पाणी खाली वाहून जाईल. ते गोठण्यापेक्षा गेलेलेच बरे. केबल काढण्याआधी रेडिओचा चार आकडी कोड तेवढा वहीत लिहून घ्या, नाहीतर ईस्टरला इंजिन सुरू होईल आणि रेडिओ बंद राहील.